मल्लव्वा आज्जीचं राहिलेलं मंगळ

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं पान उलटावं आणि दुसरं काही वाचावं. मी कुणाची मनधरणी करणार नाही.

गुळाच्या व्यापाऱ्याची पोरगी आहे मी, पण गोड बोलायला मला कधी जमलं नाही.

साल १९७८. डिसेंबर महिना. कोल्हापुरातल्या एका शाळेचा हॉल. संध्याकाळची वेळ, दिवे नुकतेच लागलेले.

अमावास्या नव्हती की मध्यरात्र नव्हती. लोकांना वाटतं असल्या गोष्टींना तसलं काहीतरी लागतं. कशाचं काय! भरलेल्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत सुरुवात झाली...

आणि एकालाही कळलं नाही.

पण आधी मल्लव्वा आज्जी कोण ते सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचे अप्पा, रुद्राप्पा, शाहूपुरीत गुळाची अडत चालवायचे. मल्लव्वा ही त्यांची सख्खी आत्या. आमची आई अंबीच्या बाळंतपणात गेली. अंबी म्हणजे माझी धाकटी बहीण, नीलांबिका. आम्हा दोघींना न्हाऊमाखू घातलं, भरवलं, मोठं केलं ते या मल्लव्वा आज्जीनं.

आणि घरी पाहुणे आले की अप्पा सांगायचे, "लांबची हाय. गावाकडची. कामाला ठेवलीया."

सख्ख्या आत्याला!

कारण काय, तर आज्जी देवाला वाहिलेली होती. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेला आमचं मूळ गाव. तिथं शंकराचं जुनं दगडी देऊळ आहे. एका वर्षी जनावरांना रोग आला, तेव्हा पणजोबा नवस बोलले. बैल वाचले. पोरगी गेली.

देवळातल्या एका म्हाताऱ्या बाईनं काठीच्या तालावर तिला नाच शिकवला. त्या भागात देवापुढं नाचणाऱ्या बाईला 'पात्र' म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ आरतीच्या वेळी रंगमंडपात नाचायचं. तोंड देवाकडं. मागं माणसं बसलीत का कुत्री, याच्याशी काही संबंध नाही. बघणारा एकच, गाभाऱ्यातला.

मग कायदा झाला. पोरी देवाला सोडायच्या नाहीत. कायदा चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या आधीच सोडल्या होत्या त्यांनी कुठं जायचं, हे कुणी बोललं नाही. एका दिवशी आज्जी नाचत होती, तेवढ्यात गावातले चार पुढारी आत शिरले. दंडाला धरून तिला बाहेर काढली. नाच अर्धा, आरती अर्धी.

"माझं मंगळ ऱ्हायलं गं," ती म्हणायची. दळताना म्हणायची, वाती वळताना म्हणायची.

मंगळ म्हणजे नाचाचा शेवट. जमिनीला हात लावायचा, देवाला, गुरूला, बसलेल्यांना हात जोडायचे आणि रजा मागायची. एवढंच. पण ते झाल्याशिवाय नाच संपत नाही.

"मंगळ न करता घुंगरू सोडलं, तर पायातला नाच पायातच ऱ्हातो," असं ती सांगायची.

आम्ही हसायचो. पोरीच होतो.

राजारामपुरीत विशालाक्षी टीचरनी भरतनाट्यमचा क्लास काढला. बाई तंजावरकडची, नवरा इथं फाउंड्रीत इंजिनियर. बड्या घरच्या पोरी जायला लागल्या, तसं अप्पांनी अंबीचंही नाव घातलं. ज्या माणसानं नाचामुळं आत्या लपवली, त्यानंच लेकीसाठी बेळगावहून घुंगरू आणले. आता बोला!

टीचर पोरींना इतिहास सांगायच्या. हा नाच पूर्वी देवळात होता. सदिर म्हणायचे त्याला, दासी नाचायच्या. पुढं शिकलेल्या लोकांनी तो देवळातून उचलला, स्टेजवर आणला, नवं नाव दिलं, शुद्ध केला.

शुद्ध केला म्हणे! आयत्या बिळावर नागोबा. ज्यांनी जन्मभर पाय झिजवले त्यांना हाकललं आणि त्यांच्या पावलांवर टाळ्या घेतल्या. टीचरचं काही चुकलं असं नाही, बाई मनानं चांगली होती. पण मला त्या शब्दाचा संताप यायचा, अजून येतो.

अंबी माजघरात सराव करायची. आज्जी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. भरतनाट्यमची सगळी उभी राहण्याची रीत म्हणजे अर्धं बसणं. गुडघे बाहेरच्या अंगाला वळवायचे, टाचा जवळ, पाठ ताठ, आणि तसंच नाचायचं. मांड्या भरून येतात.

"गुडघं भाईर काढ की!" आज्जी ओरडायची. "खुर्चीवर बसल्यागत काय बसतीस? आणि कुणाकडं बघून हसतीस गं? समोर देव हाय, लोकं न्हाईत."

अंबी तिच्या गळ्यात पडायची. तिचा आज्जीवर फार जीव.

अंबीचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. निपाणीचं स्थळही आलं होतं, तंबाखूवाले, मोठं घर. ती माणसं नाच बघायला येणार होती.

आज्जी अप्पांना म्हणाली, "मी बी येते."

"तू यायचं न्हाईस."

"म्हागं दाराशी उभी ऱ्हाते की रे रुद्रा. कुणाला दिसायची न्हाई."

"आणि कुणी वळखलं तर? पोरीचं लगीन मोडायचं हाय व्हय तुला? आत हो."

ती आत झाली. मी अप्पांशी भांडले, अंबी रडली. अप्पा ढिम्म.

दिवाळी झाली आणि मागच्या खोलीत, चटईवर, आज्जी झोपेतच गेली.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात. त्यासाठी घरीच भिंतीला टेकवून मांडी घालायला लागले...

मांडी पडेना.

गुडघे मिटेचनात. बाहेरच्या अंगाला वळलेले, टाचा एकमेकींजवळ, पाठ ताठ. दोन गडी माणसं जोर लावून दमली. विधीला आलेले स्वामी म्हणाले, "थंडीनं अंग आखडलं असंल."

मी आणि अंबीनं एकमेकींकडं बघितलं. दोघींच्या मनात एकच होतं. आज्जी अर्ध्या बैठकीत बसली होती.

तशीच पुरली तिला.

सुतक आमच्यात पाळत नाहीत. अप्पांचं चांगलंच फावलं. कार्यक्रम ठरल्या दिवशीच झाला.

हॉल भरला होता. स्टेजच्या कोपऱ्यात टेबलावर पितळी नटराज, लोकांकडं तोंड करून. टीचर काठीनं लाकडावर ताल देत होत्या, शेजारी बेळगावचा मृदंगवाला. अंबी काय नाचली म्हणून सांगू! माझी बहीण म्हणून म्हणत नाही. निपाणीकर बायका तोंडाचा आ करून बघत होत्या.

शेवटचा जोरकस तुकडा संपला. आता फक्त मंगळ.

तेवढ्यात माईक आला.

प्रमुख पाहुणे हंबीरराव, कसल्याशा संस्थेचे चेअरमन. त्यांना पन्हाळ्याला कुणाकडं तरी जेवायला जायचं होतं. घाई होती. म्हणून सत्कार मधेच उरकायचा ठरला. शाल झाली, श्रीफळ झालं, हार झाला. आणि भाषण.

"पूर्वी हा नाच नको त्या बायकांच्या पायात होता," हंबीरराव म्हणाले. "आज घरंदाज लेकींनी त्याला त्या चिखलातून वर काढलंय!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! सगळ्यात जोरात आमच्या अप्पांनी.

अंबी हार घालून उभी होती.

भाषण लांबलं. मृदंगवाल्याची बेळगाव गाडी चुकत होती, त्यानं वाद्याला खोळ घातली.

अंबी म्हणाली, "टीचर, मंगळ?"

टीचरनी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "झालं की आता. हार घातल्यावर कसला नाच?"

"दोन मिन्टाचं काम हाय अप्पा," मी म्हटलं. "करू द्या की तिला!"

"गप बस. पावणं उठल्यात."

पडदा पडला.

आत मी अंबीच्या पायातले घुंगरू सोडले. पिशवीत घातले. पिशवीचं तोंड बांधलं.

आणि स्टेजकडून आवाज आला...

छम्.

अंबीनं माझा हात धरला.

छम्... छम्...

सावकाश. वय झालेल्या माणसानं पाऊल टाकावं तसं. बरोबर काठीचा आवाज... टक्... टक्...

टीचर तर बाहेर हंबीररावांना निरोप द्यायला गेल्या होत्या. त्यांची काठी आमच्यासमोर खुर्चीवर पडली होती.

मी उठून स्टेजवर गेले. मी घाबरट नाही. एक ट्यूब जळत होती. पडदा बंद. चिटपाखरू नाही.

पण टेबलावरचा नटराज...

त्याची पाठ आता लोकांकडं होती. तोंड आत, स्टेजकडं.

हॉलचा शिपाई केरबा झाडू घेऊन येत होता. मी विचारलं, "मूर्ती कुणी फिरवली?"

"मी आत्ता आलोय ताई. हितं कोन न्हवतं."

घरी आल्यावर अंबी झोपली. पांघरुणाखाली तिचे पाय हलत होते. तालात. मी हातानं दाबून धरले, तर माझे हात उडायला लागले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवेलागण झाली की मागच्या खोलीतून काठी वाजायची... टक्... टक्... आणि अंबी असेल तिथून उठायची. गुडघे बाहेर वळायचे. तोंड भिंतीकडं. मग थकून पडेपर्यंत नाच. तळपायाला भेगा पडल्या, फरशीवर रक्ताचे ठसे उमटायला लागले. डॉक्टरनी मलम दिलं आणि अशक्तपणा म्हणाले.

निपाणीकर सुपारी फोडायला आले. अंबीला नटवून चहाचा ट्रे हातात दिला. ती बैठकीच्या मधोमध आली आणि ट्रे जमिनीवर ठेवला...

आणि सगळ्यांसमोर अर्धी बसली.

चेहऱ्यावर हसू नाही. पापणी लवत नाही. निपाणीकर चहा न घेताच उठून गेले. अप्पांनी तिच्यावर हात उगारला.

तिनं मान वर केली.

"म्हागं दाराशी उभी ऱ्हाते की रे रुद्रा..."

तो आवाज अंबीचा नव्हता.

अप्पांचा हात तसाच खाली आला. त्या दिवसापासून ते अडतीतच जेवायला आणि झोपायला लागले. भित्रा माणूस! कसला बाप आणि कसलं काय.

अंबीला अन्न जाईना. गालफडं बसली. पोरगी माझ्या डोळ्यासमोर चालली होती आणि मला ते दिसत होतं. आईच्या मागं मला या जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

टीचर घरी आल्या. म्हणाल्या, राहिलेलं मंगळ आता करू. त्यांनी तोंडानं म्हटलं, अंबीनं देव्हाऱ्यापुढं हात जोडले. सगळं शांत झालं. मी सुटकेचा निःश्वास टाकला...

टक्.

टीचर चप्पल न घालताच पळाल्या.

अंबी भिंतीला धरून म्हणाली, "आक्का, माझं झालं गं. पर तिचं ऱ्हायलंय. तिच्या देवापुढं न्हे मला."

सकाळच्या एसटीनं गडहिंग्लज. तिथून दुसरी गाडी. पुढं पायी, तिला जवळजवळ पाठीवर घेऊन. घुंगरू मी मुद्दाम घरी ठेवले होते.

देवळात पोचलो तेव्हा टळटळीत दुपार. रंगमंडपात सोसायटीच्या खताची पोती रचलेली. युरियाच्या वासानं नाक झोंबत होतं. मधे गोल दगडी चौथरा, तेवढाच मोकळा. समोर गाभारा, आत समई.

पुजारी मल्लिकार्जुन पारावर बसला होता. "काय पायजे पावणं?"

"दर्शनाला आलोय," मी म्हटलं.

अंबीनं माझा हात सोडला. चौथऱ्यावर चढली.

आणि अनवाणी, मोकळ्या पायांनी...

छम्.

पोत्यांच्या मागून काठी... टक्... टक्...

तसा नाच मी पुन्हा बघितला नाही. टीचरनी शिकवलेलं त्यात काही नव्हतं. घाई नव्हती, दिखावा नव्हता. हात उचलला की वाटायचं दिवा उचललाय. नजर गाभाऱ्यातून हलत नव्हती. एवढ्या अपमानानंतर कुणी इतक्या मायेनं देवाकडं बघू शकतं? मला नसतं जमलं. मी तिथं उभी राहून त्या देवावर चिडत होते आणि रडत होते.

"ए! ए! काय चाललंय ह्ये?" पुजारी धावत आला. "नाचायचं बंद झालंया हितं! ट्रस्टीनं बघितलं तर माझ्या पोटावर पाय येईल!"

"थांबा हो, संपतच आलंय!" मी आडवी गेले. त्यानं मला ढकललं, गाभाऱ्यात जाऊन समई विझवली, बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

खट्.

कुलूप लागलं. पुजारी किल्ली घेऊन ट्रस्टीला बोलवायला गेला.

काठी थांबली. घुंगरू थांबले.

अंबी अर्ध्या बैठकीत तशीच. हात वर. समोर बंद दार. पुन्हा एकदा बंद.

मग ती वळली... अगदी सावकाश.

तिथं दुसरं कुणी नव्हतं. मीच होते.

ती वाकली. दगडाला हात लावला, डोळ्यांना लावला. माझ्याकडं बघून हात जोडले. चेहरा अंबीचा, पण डोळे म्हातारे, थकलेले. मला न्हाऊ घालताना माझ्या डोळ्यात साबण जाऊ नये म्हणून जपणारे.

"जाऊ का गं मी?" आज्जीनं विचारलं.

माझा बांध फुटला. उंबऱ्यातून निघालेल्या माणसाला आपल्यात कधी कुणी 'जा' म्हणतं का? जीभ धजत नाही. लहानपणापासून तिनंच तर शिकवलेलं. रडता रडता माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं,

"असं म्हणू नये आज्जी. ये. ये गं."

ती माझ्याकडं बघत राहिली...

"बरं," ती म्हणाली. "येते."

अंबी कोसळली.

पाय शांत होते. एसटीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गडहिंग्लज स्टँडवर तिनं भजी मागून खाल्ली. मला वाटलं, सुटलो. मी वेडी त्या स्टँडवर पदरात तोंड घालून हसत होते.

दुसऱ्या दिवशी दिवा लावायला काडी ओढली...

छम्.

यावेळी मागच्या खोलीत नव्हतं. माझ्या शेजारीच.

अंबीनं मान वर केली. घाबरली नव्हती. उलट समजावल्यासारखी म्हणाली, "आक्का, तूच न्हवं का ये म्हणालीस?"

देवानं दार लावून घेतलं, गावानं हाकललं, घरानं लपवलं. उभ्या जन्मात तिला जिथं तिथं 'जा' हेच ऐकायला मिळालं. ये म्हणणारं एक माणूस भेटलं नाही. आणि ज्या दिवशी तिला 'जा' हवं होतं, त्या दिवशी मी तिला ये म्हणाले.

पुढं अप्पा गेले. अंबीचं लग्न झालं नाही. घरात आम्ही दोघीच असतो... म्हणजे लोकांच्या हिशेबी दोघी. पाय आता फुटत नाहीत. रोज दिवेलागणीला थोडंसं नाचणं होतं, मग ती माझ्याकडं वळते, हात जोडते आणि विचारते, "जाऊ का?"

तुम्ही म्हणाल, मग म्हणून टाक की जा. एका शब्दाचं काम.

मीही तेच ठरवलं होतं. एका संध्याकाळी मन घट्ट केलं. ती वळली. हात जोडले.

"जाऊ का आक्का?"

शब्द ओठावर आला होता...

आज्जीनं मला आयुष्यात कधी आक्का म्हटलेलं नाही. आक्का मला फक्त अंबी म्हणते. आवाजही तिचाच होता.

मी तोंड मिटलं. तेव्हापासून मिटलेलंच आहे. ती रोज विचारते. त्यात आज्जी किती आणि अंबी किती, मला ओळखता येत नाही. आणि मी जा म्हटलं तर त्यातलं नेमकं कोण जाईल, हे मला सांगणारं कुणी नाही.